बाटलीत द्राक्षांखेरीज काय?

औषधाच्या दुकानातून द्राक्षासवाची बाटली आणावी आणि तिच्या पाठीवरचा कागद सावकाश वाचावा. द्राक्षे, साखर, मध, धायटीची फुले, लवंग, जायफळ, दालचिनी, वेलची, तमालपत्र, नागकेशर, पिंपळी, चित्रक. प्रत्येक वनस्पतीचे शास्त्रीय नाव, तिचे मूळ वापरले की फूल, किती वापरले, आणि आंबवताना आपोआप तयार झालेल्या अल्कोहोलचे शेकडा प्रमाण. औषधे व सौंदर्यप्रसाधने नियमावलीतला १६१वा नियम आयुर्वेदिक औषध बनवणाऱ्याला घटकांची खरी यादी छापायला लावतो.

मग वाईनची बाटली हातात घ्यावी. तीतही आंबवलेली द्राक्षेच आहेत. पुढच्या बाजूला द्राक्षाची जात, हंगामाचे साल, डोंगरउताराचे चित्र. मागच्या बाजूला लाल फळांचा सुगंध, ओकचा हलका स्पर्श, कोणत्या पदार्थाबरोबर प्यावी याचा सल्ला. खाली अल्कोहोलचे प्रमाण, वैधानिक इशारा, सल्फाइट असल्याची एक ओळ, कधी संरक्षकाचा एखादा क्रमांक. रसात आणखी काय मिसळले, तो कशाने निवळला, आंबटपणा वेलीवरचा की पोत्यातला, रंग सालीचा की डब्यातला, हे त्या कागदावरून कळत नाही.

वाईन म्हणजे द्राक्षाचा रस आणि काळ, दुसरे काही नाही, अशी एक समजूत आहे. ती वाईन विकणाऱ्यांनी जपली आणि पिणाऱ्यांनीही मनापासून मानली. या समजुतीच्या जोरावर जगातल्या बहुतेक देशांत वाईनला जी सूट मिळाली, ती जॅमच्या बरणीला किंवा लोणच्याच्या पाकिटाला कधी मिळाली नाही. या सुटीचा तोटा ग्राहकाला होतो, असे आपण गृहीत धरतो. तो होतोच. पण वाईनचा इतिहास वाचताना दिसते की पहिला आणि मोठा तोटा द्राक्ष पिकवणाऱ्या शेतकऱ्याला झाला, आणि पारदर्शकतेसाठी रस्त्यावर उतरला तोही शेतकरीच. महाराष्ट्रात या विषयाकडे पाहताना हीच बाजू आधी पाहायला हवी, असे मला वाटते.

टाकीच्या आत

नाशिकच्या परिसरात वाईनच्या द्राक्षांची तोडणी जानेवारी ते मार्चच्या सुमारास होते. युरोपात ती उन्हाळा सरताना, थंडीच्या तोंडावर होते. आपल्याकडे थंडी ओसरून ऊन चढत असते. उष्णतेने फळात साखर भराभर भरते आणि आम्ल उतरते. आम्ल कमी पडले की वाईन चवीला सपक लागते, टिकत नाही आणि जंतूंना मोकळे रान मिळते. म्हणून रसात टार्टारिक आम्ल घालतात. हे आम्ल द्राक्षात मुळातच असते, चिंचेतही असते. ते घालण्यात लपवण्यासारखे काही नाही. उष्ण प्रदेशातले वाईनकार जगभर तेच करतात, ऑस्ट्रेलियात आणि कॅलिफोर्नियातही. थंड प्रदेशात नेमके उलटे घडते. तिथे द्राक्षात साखर कमी भरते म्हणून रसात बाहेरची साखर घालून आंबवतात. या रीतीला ज्यांचे नाव मिळाले, त्या रसायनशास्त्रज्ञ जाँ-आंत्वान शाप्ताल यांनी दोनशेहून अधिक वर्षांपूर्वी तिचा शास्त्रीय पुरस्कार केला होता.

आम्ल आणि साखर ही सर्वांत साधी उदाहरणे. आंबवण्यासाठी पाकिटातले निवडक यीस्ट येते, त्या यीस्टला खाद्य म्हणून अमोनियम फॉस्फेट येते. रंग आणि रस लवकर सुटावा म्हणून विकरे घालतात. तुरटपणा कमी पडला तर टॅनिनची भुकटी असते. ओकच्या पिंपात महिनोन् महिने मुरवणे महाग पडते, म्हणून ओकचे तुकडे टाकीत सोडतात. युरोपीय संघाने त्याला २००६ मध्ये परवानगी दिली. थंड फ्रिजमध्ये बाटलीच्या तळाशी जे चमकते खडे बसतात ते टार्टारिक आम्लाचे क्षार असतात. ते बसू नयेत म्हणून सेल्युलोज गम किंवा पोटॅशियम पॉलिअ‍ॅस्पार्टेट घालतात. तोंडात वाईन गोलसर लागावी म्हणून आफ्रिकेतल्या बाभळीच्या जातीचा डिंक असतो. गोड वाईन बाटलीत पुन्हा आंबू नये म्हणून पोटॅशियम सॉर्बेट. अमेरिकेत रूबिरेड नावाच्या द्राक्षापासून केलेला, शाईसारखा गडद आणि साखरेने घट्ट असा अर्क मिळतो. थोडासा घातला की फिकट लाल वाईनला रंगही येतो आणि अंगही. तो द्राक्षाचाच असल्यामुळे कायद्याच्या दृष्टीने सारे ठीक असते, आणि पिणाऱ्याला मात्र वाटते की हा गडदपणा उन्हाचा आणि मातीचा आहे.

अमेरिकेच्या नियमांत वाईनवर आणि रसावर वापरायला परवानगी असलेल्या पदार्थांची यादी साठीच्या पुढे जाते. एका बाटलीत हे सगळे कधीच नसते. चांगल्या वाईनरीत यातले दोन-तीनच वापरले जातात, काही ठिकाणी सल्फरखेरीज काहीच नाही. अडचण इथेच आहे. दोन-तीन वापरणारा आणि पंधरा वापरणारा यांच्या बाटल्या दुकानाच्या फळीवर शेजारी उभ्या असतात आणि दोघांच्या पाठीवर तीच लाल फळे आणि तोच ओकचा स्पर्श छापलेला असतो.

सल्फरबद्दल थोडे थांबून सांगायला हवे, कारण सर्वांत जास्त भीती त्याचीच पसरली आहे. सल्फर डायऑक्साइड रस काळा पडू देत नाही आणि नको असलेले जंतू मारतो. यीस्ट स्वतःही आंबवताना थोडे सल्फाइट तयार करते, म्हणून अजिबात सल्फाइट नसलेली वाईन जवळजवळ नसतेच. युरोपीय संघात कोरड्या लाल वाईनला लिटरमागे १५० मिलिग्रॅम आणि पांढरीला २०० मिलिग्रॅम अशी कमाल मर्यादा आहे. अमेरिकेत ती ३५० आहे. अन्नातील मिश्रकांवरच्या आंतरराष्ट्रीय तज्ज्ञ समितीने शरीराच्या दर किलो वजनामागे दिवसाला ०.७ मिलिग्रॅम ही मर्यादा ठरवली. म्हणजे ६० किलो वजनाच्या माणसाला ४२ मिलिग्रॅम. मर्यादेपर्यंत सल्फर असलेल्या लाल वाईनच्या १५० मिलिलिटरच्या पेल्यातून २२ ते २३ मिलिग्रॅम पोटात जाते. दुसऱ्या पेल्याला तो माणूस मर्यादेच्या पलीकडे पोचतो. बहुतेकांना यातून तात्काळ काही होत नाही. पण दम्याच्या काही रुग्णांना थोडेही सल्फाइट धोक्याचे ठरते. अमेरिकेत सॅलडच्या काउंटरवर भाज्या ताज्या दिसाव्यात म्हणून मारलेल्या सल्फाइटमुळे माणसे दगावली, तेव्हा १९८६ मध्ये ताज्या फळभाज्यांवर त्याला बंदी आली आणि १९८७ पासून वाईनच्या बाटलीवर ‘सल्फाइट आहे’ ही ओळ आली. ती ओळ ‘आहे’ एवढेच सांगते, किती ते सांगत नाही. २० मिलिग्रॅमची बाटली आणि ३०० मिलिग्रॅमची बाटली तिच्यापुढे सारख्याच.

माशाचा फुगा आणि हिरवा ठिपका

नव्या वाईनमध्ये गढूळपणा असतो. ती निवळण्यासाठी तिच्यात असे काही घालतात की जे गढूळ कणांना चिकटून तळाशी बसेल. मग वरची वाईन काढून घेतात. बेंटोनाइट नावाची माती हे काम करते. अंड्याचा पांढरा बलक करतो, बोर्दोमध्ये पिढ्यानपिढ्या तोच वापरात आहे. दुधातले केसीन करते, हाडा-कातड्याचे जिलेटिन करते, आणि माशाच्या पोटातला हवेचा फुगा वाळवून केलेले आयसिंग्लासही करते. हा फुगा आपल्या किनाऱ्याला अपरिचित नाही. पालघर-डहाणूकडे घोळ माशाच्या फुग्याला कोळी बांधव बोत म्हणतात आणि एखाद्या चांगल्या जाळ्यात घोळी सापडल्या तर त्या बोतांच्या भावाची बातमी वर्तमानपत्रात येते.

निवळण्याचे हे पदार्थ तळाशी बसतात आणि काढून टाकले जातात, म्हणून कायदा त्यांना घटक मानत नाही, प्रक्रियेतले साहाय्यक मानतो. युरोपात अंडे आणि दूध यांचा अंश उरला असेल तर तो २०१२ पासून लेबलवर लिहावा लागतो, कारण त्यांची काहींना अ‍ॅलर्जी असते. माशाच्या फुग्याला मात्र बिअर आणि वाईन निवळण्यापुरती त्या यादीतून स्पष्ट सूट दिली आहे. अ‍ॅलर्जीच्या हिशेबाने ती सूट योग्य असेल. पण शाकाहार हा अ‍ॅलर्जीचा प्रश्न नाही, तो निष्ठेचा आहे.

आपल्या देशात तर प्रत्येक खाद्यपदार्थाच्या पाकिटावर चौकोनात हिरवी किंवा तपकिरी खूण असते. बिस्किटावर असते, पापडावर असते. अन्नाच्या लेबलविषयीच्या आपल्या नियमांनी मद्याला या खुणेतून वगळले आहे. ज्या राज्यात लाखो घरांत अंडेही शिजत नाही, त्या राज्यातला शाकाहारी माणूस वाईन पिणार असेल तर ती कशाने निवळली हे विचारायला त्याच्याकडे जागाच नाही. अनेक वाईनरी आता बेंटोनाइट किंवा वाटाण्याचे प्रथिन वापरतात आणि काही स्वतःहून तसे सांगतात. सांगणे त्यांच्या मर्जीवर आहे.

आर्जेलिएचे सत्त्याऐंशी

आता फ्रान्सच्या दक्षिणेकडे, लांगडॉक प्रांतात. १८६० च्या दशकात फिलोक्सेरा नावाची कीड वेलींच्या मुळांना लागली आणि देशभर बागा वाळल्या. १८७५ मध्ये सुमारे ८.४ कोटी हेक्टोलिटर असलेले वाईनचे उत्पादन १८८९ पर्यंत अडीच कोटींच्या खाली आले. मागणी मात्र तीच. मग व्यापाऱ्यांनी मार्ग काढला. ग्रीस आणि तुर्कस्तानातून मनुके आणायचे, पाण्यात भिजवून आंबवायचे. पिळून झालेल्या चोथ्यावर साखरेचे पाणी ओतून पुन्हा आंबवायचे. रंग घालायचा, आम्ल घालायचे आणि वाईन म्हणून विकायचे.

१४ ऑगस्ट १८८९ रोजी फ्रान्समध्ये ग्रिफ यांच्या नावाने ओळखला जाणारा कायदा झाला. ताज्या द्राक्षांच्या किंवा त्यांच्या रसाच्या आंबवणीतून झालेल्या पेयालाच वाईन म्हणता येईल, असे त्यात पहिल्यांदा लिहिले गेले. मनुक्यांची वाईन विकायची तर तसे नाव लिहा, साखरेची विकायची तर तसे लिहा. वाईनच्या लेबलवरचा हा पहिला मोठा प्रामाणिक कायदा, आणि तो बनावट माल बंद करण्यापेक्षा त्याला खरे नाव देण्यावर उभा होता. कलम होते, पण ते राबवणारे हात अपुरे होते. त्यातच १९०३ मध्ये साखरेवरचा कर मोठ्या प्रमाणात उतरला, बीटपासून साखर करणाऱ्या उत्तरेकडच्या कारखानदारांना ते हवेच होते. दक्षिणेत तोवर अमेरिकी खुंटावर कलमे बांधून बागा पुन्हा उभ्या राहिल्या होत्या. शेतकऱ्याने कर्ज काढून बाग लावली, पीक आले आणि बाजारात त्याच्या खऱ्या वाईनपुढे साखरेची स्वस्त वाईन उभी होती. भाव इतका पडला की माल काढण्याचा खर्च निघेना.

११ मार्च १९०७ रोजी आर्जेलिए या छोट्या गावातून ८७ द्राक्षशेतकरी नार्बोन शहराकडे चालत निघाले. पुढे होते मार्सेलाँ आल्बेर, गावात कॅफे चालवणारे आणि स्वतःची थोडी बाग असलेले गृहस्थ. संसदेची चौकशी समिती आली होती, तिच्यापुढे त्यांना गाऱ्हाणे मांडायचे होते. कर्जमाफी किंवा हमीभाव ही त्यांची पहिली मागणी नव्हती. भेसळ थांबवा, द्राक्षाच्या वाईनलाच वाईन म्हणा, असे ते सांगत होते. दर रविवारी सभा होऊ लागल्या आणि दर सभेला आकडा फुगत गेला. ९ जूनला माँपेलिएच्या सभेला पाच लाखांहून अधिक माणसे जमली. नार्बोनचे महापौर अर्नेस्ट फेरूल यांनी राजीनामा दिला, गावोगावच्या नगरपालिका बंद पडल्या. पंतप्रधान क्लेमांसो यांनी सैन्य पाठवले. १९ आणि २० जूनला नार्बोनमध्ये गोळीबार होऊन माणसे मेली. सतराव्या पायदळ पलटणीत त्याच भागातली, द्राक्षशेतकऱ्यांच्या घरची मुले होती. बातमी कळताच त्यांनी बंड केले आणि बंदुका घेऊन बेझिए शहरात जाऊन बसली.

२९ जूनला कायदा झाला. प्रत्येक शेतकऱ्याने आपल्या पिकाची आणि साठ्याची नोंद द्यायची, साखरेच्या वापरावर कर आणि नियंत्रण, पाणी घालण्याला शिक्षा. पिकाच्या नोंदीचे कलम मला सगळ्यांत मोलाचे वाटते. शेतकऱ्यांनी स्वतःचे पीक मोजून सरकारला सांगण्याचे बंधन मागून घेतले, कारण किती द्राक्षे पिकली हे एकदा कागदावर आले की त्याहून जास्त वाईन बाजारात कुठून आली हे विचारता येते. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये त्यांनी आपला महासंघ उभारला आणि भेसळ पकडायला स्वतःची माणसे नेमली.

१९८५, आणि मुंबईतले १९८६

लेबल खोटे असले की काय होते याचा विसाव्या शतकातला मोठा धडा ऑस्ट्रियाने घेतला. १९८५ च्या उन्हाळ्यात उघड झाले की काही ऑस्ट्रियन व्यापारी साध्या वाईनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल घालत होते. त्याने गोडवा आणि दाटपणा येतो, म्हणजे उशिरा तोडलेल्या महागड्या द्राक्षांच्या वाईनचा आभास तयार होतो. साखर घातली असती तर तपासणीत पकडली गेली असती. हा पदार्थ कोणी शोधतच नव्हते. त्यातून मृत्यू झाल्याचे नोंदले गेले नाही, पण जर्मनीने बाटल्या मागे घेतल्या आणि ऑस्ट्रियाची निर्यात कोसळली. दोषी मूठभर होते, बुडाले ते हजारो प्रामाणिक बागाईतदार. त्याच वर्षी ऑस्ट्रियाने युरोपातला अत्यंत कडक वाईन कायदा केला. तपासून नंबर मिळालेल्या दर्जेदार वाईनच्या बाटलीवर लाल-पांढरी-लाल पट्टी असते, ती आजही दिसते.

तेच रसायन काही महिन्यांत मुंबईत मारेकरी ठरले. १९८६ च्या जानेवारी-फेब्रुवारीत जे. जे. रुग्णालयात १४ रुग्ण दगावले, कारण त्यांना दिलेल्या ग्लिसरॉलमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाच्या चौकशीत औषध खरेदीतला भ्रष्टाचार आणि तपासणी यंत्रणेतली सड जगापुढे आली. बाटलीवरचे नाव आणि बाटलीतला पदार्थ यांच्यातला फरक माणसाचा जीव कसा घेतो, हे महाराष्ट्राने तेव्हा पाहिले. त्याच वर्षी इटलीत अल्कोहोल वाढवण्यासाठी स्वस्त वाईनमध्ये मिथेनॉल मिसळले गेले आणि वीसच्या आसपास माणसे मेली, कित्येकांची दृष्टी गेली. २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभराहून अधिक जीव घेतले तेही मिथेनॉलनेच.

यावर कोणी म्हणेल की विष घालणारा माणूस लेबलवर विष छापणार नाही, मग यादीचा उपयोग काय? आक्षेप बरोबर आहे. यादीने गुन्हेगार सुधारत नाही. पण यादी सक्तीची असली की काय असायला हवे याचा लेखी दावा उत्पादकाच्या नावावर चढतो. प्रयोगशाळेला तुलना करायला काहीतरी मिळते, आणि यादीबाहेरचा कोणताही पदार्थ सापडणे हाच गुन्हा ठरतो, तो अपायकारक आहे हे वेगळे सिद्ध करत बसावे लागत नाही. जिथे यादीच नाही तिथे कशाशी ताडून पाहायचे?

तिजोरीच्या खात्यातले लेबल

अमेरिकेत ही गोष्ट इतकी वर्षे अडली ती वाईन कोणत्या खात्याच्या ताब्यात आहे या प्रश्नावर. दारूबंदी उठल्यावर १९३५ मध्ये जो कायदा झाला, त्याने मद्याचे लेबल अखेरीस अर्थखात्याकडे गेले. कर वसूल करणारे खाते लेबलही पाहते. सात टक्क्यांहून कमी अल्कोहोल असलेली वाईन किंवा सफरचंदाची सायडर मात्र अन्न व औषध प्रशासनाकडे जाते आणि तिच्यावर घटकांची आणि पोषणाची पूर्ण माहिती छापावी लागते. साडेसहा टक्क्यांची बाटली सगळे सांगते, साडेतेरा टक्क्यांची गप्प बसते. १९७० च्या दशकात अन्न प्रशासनाने हक्क सांगायचा प्रयत्न केला, तो १९७६ मध्ये केंटकीतल्या न्यायालयात थांबला. १९८० मध्ये अर्थखात्याच्या मद्य विभागाने स्वतःच घटकांच्या यादीचा नियम काढला आणि सरकार बदलताच तो मागे घेतला गेला. २००३ मध्ये ग्राहक संघटनांनी अर्ज दिला. तो धूळ खात पडला म्हणून २०२२ मध्ये या संघटना न्यायालयात गेल्या. जानेवारी २०२५ मध्ये उष्मांक, अल्कोहोल आणि अ‍ॅलर्जीच्या घटकांबद्दलचे मसुदे निघाले. संपूर्ण घटकांची यादी त्या मसुद्यांत नाही.

कायदा थांबला तरी काही माणसे थांबली नाहीत. कॅलिफोर्नियाच्या बॉनी डून वाईनरीचे रँडल ग्रॅम यांनी २००७ च्या हंगामापासून आपल्या बाटल्यांवर घटक छापले. बाटलीत उरलेले पदार्थ वेगळे आणि प्रक्रियेत वापरलेले वेगळे. १९७६ च्या पॅरिसमधल्या प्रसिद्ध चाचणीत जिची वाईन होती त्या रिज वाईनरीने पॉल ड्रेपर यांच्या काळात २०११ च्या हंगामापासून तेच केले: हाताने तोडलेली द्राक्षे, बागेतलेच यीस्ट, कॅल्शियम कार्बोनेट, पिंपाचा ओक, किमान सल्फर, आणि घातले असेल त्या हंगामात पाणीसुद्धा. पाण्याची ओळ छापायला हिंमत लागते. या वाईनरींची प्रतिष्ठा त्याने कमी झाली नाही.

८ डिसेंबर २०२३

युरोपीय संघाने २०११ चा अन्नमाहितीचा कायदा करताना १.२ टक्क्यांवरच्या मद्याला घटकांच्या यादीतून सूट दिली होती. युरोपीय आयोगाचा त्याबद्दलचा अहवाल २०१४ मध्ये यायचा, तो २०१७ मध्ये आला. उद्योगाला स्वतःहून काही करायला वर्षभर दिले गेले. शेवटी २०२१ मध्ये वाईनपुरता नियम झाला आणि ८ डिसेंबर २०२३ नंतर तयार होणाऱ्या प्रत्येक वाईनला घटक आणि पोषण यांची माहिती देणे सक्तीचे झाले. बिअर आणि व्हिस्की अजून मोकळ्याच आहेत.

उष्मांक आणि अ‍ॅलर्जीचे पदार्थ कागदावरच छापायचे. बाकीची यादी क्यूआर कोडमागे ठेवली तरी चालते. त्या कोडमागच्या पानावर जाहिरात नको आणि वाचणाऱ्याची माहिती गोळा करायची नाही, अशी अट आहे, आणि ती अट मला या नियमाचा कणा वाटते. युरोपात २४ अधिकृत भाषा आहेत. चार एकरांच्या छोट्या बागाईतदाराला चार देशांत बाटली पाठवायची तर कागदावर जागा कुठून आणायची, हा प्रश्न खोटा नाही. पण फोन काढून कोड टिपणारा ग्राहक किती? दुकानात उभ्या असलेल्या वयस्क माणसाला ती यादी दिसतच नाही. कोडशेजारी नुसते ‘आय’ हे अक्षर छापायची उद्योगाची तयारी होती. नियम लागू व्हायच्या तोंडावर आयोगाने ‘घटक’ हा पूर्ण शब्द हवा असे सांगितले, तेव्हा लाखो लेबले छापून झालेली होती आणि मोठा आरडाओरडा झाला. आधी छापलेली लेबले वापरून संपवायला नंतर मुभा द्यावी लागली. नियमात आणखी फटी आहेत. तीन आम्लांपर्यंत ‘आणि/किंवा’ असे लिहून मोकळे होता येते. प्रक्रियेतले साहाय्यक अजूनही यादीबाहेर आहेत, यीस्टही. तरीही बोर्दोची बाटली उचलून ‘द्राक्षे, आम्लता नियामक टार्टारिक आम्ल, स्थिरकारक सेल्युलोज गम, संरक्षक सल्फाइट’ असे वाचता येणे, ही त्या धंद्यातली मोठी उलथापालथ आहे. हा नियम बाहेरून येणाऱ्या वाईनलाही लागू आहे. नाशिकची बाटली पॅरिसच्या दुकानात जाते तेव्हा तिलाही हे सगळे सांगावे लागते.

नाशिकच्या बागेत

आपल्याकडे कायद्याचा पाया तसा भक्कम आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याने मद्याला अन्नाच्या व्याख्येतच धरले. २०१९ पासून मद्याचे स्वतंत्र नियम लागू झाले, त्यांत सल्फाइटची ओळ आणि इशारा आहे. संरक्षकाचा २२० किंवा २२४ असा क्रमांक काही बाटल्यांवर दिसतो. पहिला सल्फर डायऑक्साइडचा, दुसरा पोटॅशियम मेटाबायसल्फाइटचा. क्रमांक छापला की कायद्याचे समाधान होते, वाचणाऱ्याला त्यातून काही उमगत नाही. गोव्यात आणि आपल्याकडे ‘पोर्ट’ म्हणून खपणाऱ्या गोड लाल वाईनची स्थिती याहून अवघड आहे. गोव्यात वाईनची द्राक्षे पिकत नाहीत, ती घाटावरून येतात. त्या बाटलीतली किती गोडी द्राक्षाची आणि किती साखरेची हे पिणाऱ्याला ग्रॅममध्ये कळत नाही. मधुमेहाने ग्रासलेल्या समाजात ही माहिती चैनीची नाही.

आणि बागाईतदार? पारदर्शकता त्याला नवी नाही. २०१० मध्ये युरोपने भारतीय द्राक्षांचे कंटेनर क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अंशासाठी अडवले. हे वाढ रोखणारे संजीवक आपल्या बागांत सर्रास वापरले जाई. युरोपची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम होती. त्या हंगामात नाशिक-सांगलीच्या निर्यातदार शेतकऱ्यांचे कंबरडे मोडले. पण शेतकरी शिकला. निर्यातीच्या बागेची प्लॉटनिहाय नोंद, फवारण्यांची वही, प्रयोगशाळेचा अहवाल, ग्रेपनेट या ऑनलाइन नोंदप्रणालीवर पेटीपासून प्लॉटपर्यंतचा माग. खरड छाटणीपासून तोडणीपर्यंत काय मारले हे तो दाखवू शकतो. त्याच तालुक्यातल्या वाईनच्या बागेचे द्राक्ष मात्र वाईनरीच्या फाटकातून आत गेले की त्याची गोष्ट संपते. पुढे त्यात काय मिसळले, बाहेरचा अर्क आला का, साखर किती पडली, हे ना त्याला कळते ना पिणाऱ्याला.

२००१ चे द्राक्षप्रक्रिया धोरण, विंचूर आणि पलूसची वाईन पार्क, नाशिक व्हॅली वाईनला मिळालेले भौगोलिक मानांकन, हे सारे शेतकऱ्याच्या नावाने झाले. २००९ च्या सुमारास मागणी घसरली तेव्हा वाईनरींनी माल उचलला नाही आणि कित्येकांनी वाईनच्या वेलींवर कुऱ्हाड चालवली. जानेवारी २०२२ मध्ये सुपरमार्केटमध्ये वाईन विकू देण्याचा निर्णय झाला तेव्हाही दोन्ही बाजू शेतकऱ्याचे नाव घेऊन भांडल्या. त्या गदारोळात बाटलीच्या पाठीवर काय छापले जावे असे कोणी विचारल्याचे मला आठवत नाही. द्राक्षाची मागणी वाढेल ती बाटलीत द्राक्ष किती यावर, आणि ते मोजायचे साधन लेबलखेरीज दुसरे नाही.

करायच्या गोष्टी फार नाहीत. हिरव्या-तपकिरी खुणेतून मद्याला दिलेली सूट अधिसूचनेने मागे घेता येते. वाईन निवळण्यासाठी प्राणिज पदार्थ वापरला असेल तर तपकिरी खूण, नाहीतर हिरवी. क्रमांकाशेजारी पदार्थाचे नाव मराठीत छापता येते. साखर लिटरमागे ग्रॅममध्ये, सल्फाइट मिलिग्रॅममध्ये लिहिता येते, कारण हे दोन्ही आकडे वाईनरीच्या प्रयोगशाळेच्या वहीत आधीपासून असतात. युरोपला जाणाऱ्या बाटल्यांसाठी जी यादी वाईनरी तयार करतात तीच पुण्या-मुंबईच्या बाटलीवर चिकटवायला वेगळा खर्च नाही. आणि मानांकन असलेल्या वाईनसाठी लांगडॉकच्या शेतकऱ्यांनी मागून घेतलेली ती नोंद: कोणत्या बागेतून किती टन द्राक्ष आत गेले, त्यातून किती लिटर बाहेर आले. ही नोंद जाहीर करण्याची मागणी महाराष्ट्रातल्या द्राक्ष बागायतदारांच्या संघटनांनी पुढच्या छाटणीच्या आत राज्य उत्पादन शुल्क खात्याकडे लेखी द्यायला हवी.